खारपाणपट्ट्यात बटेर : व्हिटॅमिन सी, सोडा, इलेक्ट्रोलाइट सगळं देऊनही मरतूक थांबेना

दर्यापूरकर_बटेर

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, अमरावती जिल्हा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला खारपाणपट्टा. जपानी बटेर करतो, हे दुसरं वर्ष. 700 अंड्यावरचे पक्षी आणि 500 च्या आसपास मटणाचे. पत्र्याचं शेड, पाच मजली पिंजरे.

गेल्या आठ दिवसांत 74 पक्षी गेले. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जातात. चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले, मान लांब करून धापा टाकतात आणि मग एका कोपऱ्यात बसतात ते उठतच नाहीत. अंडी दिवसाला साडेपाचशे होती, ती 330 वर आली. त्यातली कितीतरी पांढरी, ठिपकेच नाहीत, आणि बोटात धरली की दबतात.

मी हातावर हात धरून बसलेलो नाही. दुकानदाराने सांगितलं त्याप्रमाणे 200 लिटरच्या टाकीत इलेक्ट्रोलाइटचं एक पाकीट, अर्धा किलो खायचा सोडा, 20 ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि वरून दहा लिंबं पिळतो. रोज सकाळी आठला टाकी भरतो, दिवसभर तेच पाणी. थोडा गूळही घालत होतो, पण पाणी प्यायचे निपल चिकटून बंद पडू लागले म्हणून सोडला. विष्ठा एकदम पातळ झाली आहे, ट्रे दोनदा धुवावे लागतात.

डोस वाढवू का? व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचं लिक्विड पण आणलं आहे, तेही यातच टाकू का? बाहेर 44-45 चालू आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून यायचा आहे. कर्ज काढून उभं केलेलं शेड आहे, म्हणून विचारतो.

माळावरची

दादा, आधी एक कर. ती टाकी आजच ओतून दे आणि उद्या सकाळी पक्ष्यांना साधं, गार पाणी दे. डोस वाढवू नकोस. ई-सेलेनियमची बाटली तशीच बंद ठेव.

मी जिंतूर तालुक्यातली. नऊ उन्हाळे बटेरांबरोबर काढलेत. पहिल्या उन्हाळ्यात माझे दीडशेच्या वर पक्षी गेले होते, म्हणून तुझं वाचून पोटात तुटलं. सविस्तर लिहिते.

तुझ्या टाकीत काय चाललंय ते एकदा बघ. एका ग्लासात सोडा घे, त्यात लिंबू पीळ. फसफसेल. म्हणजे लिंबाने सोडा मारला आणि सोड्याने लिंबू मारलं. व्हिटॅमिन सी हेही आम्लच. सोड्याच्या पाण्यात ते टिकत नाही, उन्हात तर मुळीच नाही. आठला घातलेलं सी दुपारी दोनला, ज्या वेळी पक्ष्याला हवं असतं त्या वेळी, उरलेलंच नसतं. या दोन गोष्टी एका भांड्यात कधीच नाही.

लिंबाचा हिशोब पण कर. एका लिंबाच्या रसात सी साधारण 15 मिलिग्रॅम धर. खाद्याला किलोमागे 250 मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं तर तुझे 700 पक्षी दिवसाला 20 किलो खातात, म्हणजे 5 ग्रॅम सी. त्याला सव्वातीनशे लिंबं लागतील. दहा लिंबांनी पाण्याला नुसती आंबट चव येते.

आता पाणी. तू खारपाणपट्ट्यातला आहेस. बोअरचं पाणी पाजतोस का? तसं असेल तर तुझ्या पक्ष्याच्या पोटात मीठ आधीच जातंय. त्यात इलेक्ट्रोलाइटच्या पाकिटातलं मीठ आणि अर्धा किलो सोड्यातलं सोडियम. विष्ठा पातळ होणार नाही तर काय होणार! आणि उन्हाळ्यात पक्षी पाणी दुप्पट पितो. पाण्यातून दिलेलं औषधही मग दुप्पट जातं. पाकिटावरचा डोस लिहिणाऱ्याने तुझं शेड आणि तुझं बोअर पाहिलेलं नसतं. म्हणून मी सी खाद्यातून देते. किती गेलं ते कळतं.

टाकी कुठे आहे, काळी आहे का, उन्हात आहे का? माझी पहिली टाकी पत्र्यावर होती. एका दुपारी निपलखाली तळहात धरला आणि चटका बसून मागे घेतला. असलं पाणी बटेर पीत नाही. चोच लावतो आणि सोडून देतो. मी टाकी खाली उतरवून कडुनिंबाखाली ठेवली, भोवती गोणपाट गुंडाळलं, पाइपवरसुद्धा गोणपाटाच्या पट्ट्या. त्या एका कामाने जेवढे पक्षी वाचले तेवढे नंतर कुठल्याच पावडरीने वाचवले नाहीत.

सी कसं घालायचं ते सांगते, कारण इथेच माल वाया जातो. 5 ग्रॅम पावडर थेट 20 किलोत टाकली तर काही पक्ष्यांना सगळी मिळते, बाकीच्यांना काहीच नाही. मी आधी मूठभर भरड्यात मिसळते, मग ते अर्ध्या किलोत, अर्धा किलो पाच किलोत, आणि पाच किलो सगळ्यात. ताडपत्रीवर ढीग करून फावड्याने तीनदा पालटते. सावलीत. तीन दिवसांचंच करते, पुढचं नाही. कोटिंग केलेलं सी मिळालं तर तेच घे, ते जास्त टिकतं.

आणि हे सगळं होळीच्या आसपास सुरू करायचं असतं. मे महिन्यात मरतूक लागल्यावर सुरू केलेल्याचा गुण उशिरा येतो. या वर्षी तुझी वेळ गेली. तरी दे, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस.

मेलेले पक्षी कोणत्या मजल्यावरचे आहेत? ते लिही.

दर्यापूरकर_बटेर

ताई, टाकी काळीच आहे आणि पत्र्यावरच आहे. पाणी बोअरचं. आम्ही स्वतः ते पीत नाही, घराला नळाचं येतं चार दिवसांआड. पक्ष्यांना बोअरचं दिलं तर चालतं असंच धरून चाललो होतो. वाचून हात थरथरले.

मजल्याचं तुम्ही विचारलं म्हणून वहीत पाहिलं. 74 मधले 51 सगळ्यात वरच्या मजल्याचे. खालच्या दोन मजल्यांत मिळून फक्त 6. वरचा पिंजरा आणि पत्रा यात अडीच फुटांचं अंतर असेल. हे माझ्या आधी लक्षात का आलं नाही कळत नाही.

सागरी_वारा

मी रत्नागिरी तालुक्यातून. आमच्याकडे 44 कधी होत नाही, पण 34 वर घामाने सदरा अंगाला चिकटतो असली दमट हवा. तुमच्याकडे कूलर आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) चालतात, कारण हवा कोरडी. आमच्याकडे फॉगर लावला की शेडची आंघोळीची खोली होते आणि पक्षी जास्त धापतात. आम्ही फक्त पंखे आणि उघड्या बाजू.

म्हणूनच आमच्याकडे खाद्यातल्या पूरकांचा गुण दिसतो. सी आणि बीटेन, दोन्ही खाद्यातून. बीटेन किलोला एक ग्रॅम. अंड्यांची घट मला थोडी कमी वाटते. दादा, पाऊस तोंडावर आला आणि हवा दमट झाली की तुमच्याकडे फॉगर असेल तर तोही बंद करा, तेव्हा वाराच लागेल. तेवढंच सांगायचं होतं.

निवृत्त_पशुवैद्य_अकोला

खारपाणपट्ट्यात नोकरीची 22 वर्षं गेली, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ताईंनी पाण्याचं जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी पाकीट हातात ठेवलं तर तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

पक्ष्याला घाम येत नाही. बटेराच्या अंगाचं तापमान मुळातच 41-42 अंश. बाहेरची हवा 25 असते तेव्हा अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा 44 झाली की ती पक्ष्यापेक्षा गरम, म्हणजे उष्णता उलट आत येते. सुटकेचा एकच मार्ग राहतो, धापा टाकून तोंडावाटे पाण्याची वाफ करणे. म्हणून गार पाणी हेच पहिलं औषध.

धापा टाकताना वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो. त्यामुळे रक्त अल्कधर्मी होतं आणि रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम खाद्यातून येतं, कार्बोनेट येतं या बायकार्बोनेटमधून. तोच नाही म्हणून कवच दबतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, म्हणून तो देतात. कल्पना चुकीची नाही. पण गोड्या पाण्याच्या गावात आणि खाद्यातून द्यायचा, किलोला तीन-चार ग्रॅम, आणि तेवढ्या प्रमाणात खाद्यातलं मीठ कमी करून. तुमच्या पाण्यात मिठाची भर आधीच आहे. खारं पाणी पिणाऱ्या कोंबड्यांची कवचं थंडीतसुद्धा पातळ होतात, आणि पाणी बदललं तरी कवच लगेच पूर्ववत होत नाही. तेव्हा धीर धरावा लागेल. तुमच्यासाठी सोडा बंद. धापा टाकताना पोटॅशियमही लघवीवाटे जातं, ते भरून काढायला पोटॅशियम क्लोराइड, लिटरला एक ते दीड ग्रॅम, तेही गोड्या पाण्यात आणि फक्त दुपारच्या चार-पाच तासांपुरतं. आधी पाण्याची तपासणी करून घ्या, मगच.

पांढऱ्या अंड्यांबद्दल. कोंबडी बहुधा सकाळी अंडं घालते, बटेर दुपार कलल्यावर ते संध्याकाळपर्यंत. ठिपक्यांचा रंग कवचावर चढतो तो अंडं घालण्याच्या आधीच्या शेवटच्या काही तासांत. म्हणजे तुमच्याकडे नेमका बारा ते तीन. ज्या वेळी रंग चढायचा त्याच वेळी पक्षी जिवाच्या आकांताने धापतो. म्हणून ठिपके गेले. हे रोज मोजत जा. मरतुकीच्या आधी दोन-तीन दिवस ठिपके फिके पडायला लागतात, हे मी बऱ्याच शेडांत पाहिलं आहे.

आता पूरकांविषयी माझं स्पष्ट मत. तुर्कस्तानात एलाझिगच्या फिरात विद्यापीठात काझिम शाहिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास जपानी बटेरांवर हे काम वर्षानुवर्षं केलं. एक गट 22 अंशांत, दुसरा 34 अंशांत. व्हिटॅमिन सी आणि ई किलोमागे 200 ते 250 मिलिग्रॅम, झिंक, क्रोमियम, हळदीतलं कर्क्युमिन, एकेक करून तपासलं. 34 अंशांतल्या गटाची वाढ, अंडी, कवच, बऱ्याच बाबतींत सुधारलं. सी आणि ई दोन्ही एकत्र दिले तर जास्त. कोंबडीवर्गातले पक्षी सी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करतात, पण उष्णतेच्या ताणात ते पुरत नाही, हेही खरं.

पण आकडा नीट वाचा. 34. पाकिटावर 'हीट स्ट्रेससाठी' लिहिलेलं असतं तेव्हा मागचा अभ्यास बहुधा 34 च्या आसपासचा असतो. तुमच्या वरच्या पिंजऱ्यात दुपारी तीनला किती असेल? पत्र्याखाली 46-47 सहज. तिथे कुठलंही व्हिटॅमिन पक्ष्याला वाचवू शकत नाही. आधी शेड 46 वरून 34-35 वर आणा, मग सी आणि ई आपलं काम करतील. विदर्भातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की पडद्यासारख्या लावलेल्या ओल्या ताटीने दहा अंशांचा फरक पडू शकतो. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाड थर पसरा, तुमच्याकडे कपाशीचं रान आहे, त्या फुकटच मिळतील. त्यावर बोअरचं पाणी मारा, तिथे खारं चालतं. वाऱ्याच्या बाजूला ताटी किंवा गोणपाट, ते ओलं ठेवा, आणि समोरची बाजू मोकळी. वरचा मजला पूर्ण रिकामा करा.

खाद्य सकाळी साडेदहाला काढून घ्या, साडेचारनंतर परत द्या. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेला पक्षी भर दोनला आतून आणि बाहेरून तापतो. त्याऐवजी पहाटे चारला दिवा लावा, गारव्यात खाऊ द्या.

ई-सेलेनियमबद्दल विचारलंत. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं, आणि पाणी दुप्पट पिण्याच्या दिवसांत पाण्यातून ते देणं धोक्याचं. ई द्यायचं तर खाद्यातून, वेगळं. खर्च बघता मी फक्त उबवणीच्या अंड्यांच्या पक्ष्यांना देईन.

1974 साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला हा पक्षी आला, तेव्हापासून तो आपल्या हवेला बराच सरावला आहे. त्याला योग्य सावली आणि गोडं पाणी मिळालं तर तो टिकतो.

माळावरची

डॉक्टरसाहेब, तुमच्या 34 च्या मुद्द्याने माझ्या मनातली एक जुनी गाठ सुटली. एका वर्षी सीचा गुण आला, पुढच्या वर्षी तेच सी, तोच डोस, आणि काही फरक नाही. मी कंपनी बदलत बसले. आता आठवतं, दुसऱ्या वर्षी पऱ्हाट्या टाकल्या नव्हत्या, शेतातला सगळा पसारा जाळून टाकला होता.

दादा, एक भर घालते. पक्षी 28 ग्रॅमऐवजी 20 खायला लागला की कॅल्शियमही तेवढंच कमी जातं. मी संध्याकाळच्या खाद्यावर शिंपल्याची जाडसर भुकटी वेगळी पसरते. ज्या पक्ष्याला लागते तो ती वेचून खातो. पीठ नको, मोहरीएवढे कण हवेत. कवच बरंचसं रात्री तयार होत असतं, म्हणून संध्याकाळीच.

आणि वरच्या पिंजऱ्याच्या उंचीवर, पक्ष्याच्या डोक्याशी, एक थर्मामीटर टांग. दाराजवळच्या भिंतीवर लावलेला काही कामाचा नाही.

नळाचं पाणी चार दिवसांआड येतं म्हणतोस. 700 पक्ष्यांना उन्हाळ्यात दिवसाला 80-90 लिटर धर. मटणाचे धरून दीडशे. चार दिवसांचे सहाशे लिटर. तीन ड्रम सावलीत भरून ठेवलेस तर भागतं. घरच्यांना सांग, हे वर्ष पाण्याला थोडा हात आखडा.

दर्यापूरकर_बटेर

सतरा दिवसांनी लिहितोय. नवतपा चालू आहे, काल बाहेर 45.

टाकी खाली घेतली, गोठ्याच्या सावलीत. बोअरचं पाणी आता फक्त पऱ्हाट्यांवर आणि ताटीवर. चुलतभावाकडून दोन बैलगाड्या पऱ्हाट्या आणल्या. नळाच्या पाण्याचे चार ड्रम. आईने स्वतःहून धुण्याचं पाणी वाचवून ठेवायला सुरुवात केली, ते ताटीला मारतो.

थर्मामीटर वरून दुसऱ्या मजल्यावर पक्ष्याच्या उंचीला बांधला. पहिल्या दिवशी दुपारी तीनला 43 होता. पऱ्हाट्या आणि ताटी झाल्यावर 36. परवा दोन तास लाइट गेली आणि पंखे थांबले तेव्हा 39 वर गेला. त्या दिवशी 5 पक्षी गेले. ते धरून सतरा दिवसांत एकूण 19, आणि त्यातले 11 पहिल्या तीन दिवसांत, काम पूर्ण होण्याआधी.

सी ताईंनी सांगितलं तसंच खाद्यातून, ताडपत्रीवर कालवून. हे काम बायको करते, तिचं मिश्रण माझ्यापेक्षा एकसारखं होतं. सोडा, पाकीट, लिंबं सगळं बंद. पाण्याचा नमुना तपासायला दिला आहे, अहवाल यायचा आहे, तोवर पोटॅशियम क्लोराइडला हात लावलेला नाही. विष्ठा चौथ्या दिवशी घट्ट झाली.

कवचं अजून पूर्वीसारखी नाहीत, डॉक्टरसाहेब म्हणाले तसंच. पण काल संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात अंडी गोळा केली, 415 भरली. पांढरी फक्त 9. बाकीच्यांवर काळे-तपकिरी ठिपके परत आलेत. एक अंडं तर इतकं गडद होतं की मुलाने ते वेगळं काढून कपाटात ठेवलं आहे.

वरचा मजला रिकामाच आहे. पाऊस पडेपर्यंत तो तसाच ठेवणार.